आषाढात अडकणारा, होळीला लोंबणारा: लाकडी मुठीच्या वस्तऱ्याचं दुखणं

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, तुम्ही मूठ बदलून दिलेला वस्तरा मिटताना लाकडाला घासतोय." होळीच्या आसपास तीच माणसं पुन्हा. "पिन ढिली झालीय, पातं लोंबतंय." मी हातोडी घ्यायचो, चार ठोके मारून पातं घट्ट करून द्यायचो. पुढच्या आषाढात त्याच पिनेपाशी लाकडाला तडा गेलेला असायचा. हा खेळ मी चार वर्षं खेळलो, आणि तीन मुठी फुकट घालवल्यावर कळलं की चूक दर वेळी माझ्याच हातोडीची होती.

माझ्याकडे येणारे वस्तरे बहुतेक दोन गावांचे, इंग्लंडातलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन. काही आजोबांच्या ट्रंकेतून निघतात, काही पंचवटीतल्या जुन्या नाभिकांच्या धोकटीतून. आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा सगळीकडे झालाय, दर गिऱ्हाइकाला नवं पान, आणि ते बरोबरच आहे. जुना वस्तरा मग फडक्यात गुंडाळून पडून राहतो. पातं शंभर वर्षांनीही ठणठणीत असतं, पण मूठ संपलेली. शिंगाची असेल तर किडीनं कुरतडलेली, सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची असेल तर चिरफळलेली. म्हणून लाकडाची मूठ.

ज्यांनी वस्तरा कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मूठ म्हणजे दोन पट्ट्या, साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि प्रत्येकी ३ मिलिमीटर जाड. एका टोकाला पात्याच्या मानेतून आरपार जाणारी पिन, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचर. पिन म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, १.६ मिलिमीटरची पितळी सळई. दोन्ही बाजूंना बारीक वायसर आणि त्यावर ठोकून पाडलेलं डोकं. पात्याला धरून ठेवणारं बाकी काही नाही.

मी नाशिकला सातपूरच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-अवजारांच्या विभागात काम करतो, त्यामुळे माझा पहिला संशय भोकावर. भोक वाकडं असेल, पिन बारीक असेल, वायसर पातळ असेल. मायक्रोमीटर लावून सगळं मोजलं. सगळं जागेवर होतं. शेवटी घासणारा वस्तरा घेऊन जुन्या नाशकातल्या एका सुतारकाकांकडे गेलो. वाडे पाडल्यावर निघणारं सागवान ते घेतात, त्यातलेच तुकडे मी मुठीसाठी आणतो. काकांनी वस्तरा उघडला, पट्टीवर आतून नख फिरवलं आणि विचारलं, "बाहेरून एवढं चकचकीत पॉलिश केलंस, मग आतून कोरी का ठेवलीस रे?"

आतून दिसत नाही म्हणून, असं खरं उत्तर होतं. ते द्यायला लाज वाटली.

बाहेरची बाजू पॉलिशनं बंद आणि आतली उघडी. पावसाळी दमट हवा आतल्या बाजूनं शिरते, आतली बाजू फुगते, बाहेरची जवळपास तशीच राहते. जी बाजू फुगते ती बाहेर येते, म्हणजे पट्टीचं पोट आत, पात्याच्या दिशेनं निघतं. दोन्ही पट्ट्यांचं पोट आत आलं की मधली फट आवळते आणि धार लाकडाला लागते. घासल्याची खूण म्हणूनच बहुतेक वेळा मुठीच्या मध्यावर सापडते, टोकाशी नाही. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला समांतर असतील तर हा बाक थोडा. रेषा तिरक्या निघाल्या असतील तर बाकाबरोबर पीळही येतो.

आता दुसरा अर्धा भाग, पिनेचा. लाकूड लांबीत फारसं फुगत नाही, रुंदीत आणि जाडीत फुगतं. दोन पट्ट्यांची मिळून ६ मिलिमीटर जाडी पावसाळ्यात फार तर केसाएवढी वाढते. पण पिनेची लांबी तेवढीच राहते. वायसरखाली कोंडलेल्या लाकडाला जायला जागा नसते, त्यामुळे तिथले तंतू चेपतात. चेपलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत. फाल्गुनात लाकूड सुकून आक्रसलं की ते मूळच्याहून पातळ झालेलं असतं आणि पिन सैल पडते. ढिला झालेला कुदळीचा दांडा पाण्यात भिजवून घट्ट करणाऱ्यांना हे माहीत असतं. त्या दिवशी घट्ट बसतो, सुकल्यावर आधीपेक्षा जास्त हलतो. फाल्गुनात मी पिन ठोकायचो म्हणजे आधीच चेपलेल्या लाकडाभोवतीचा फास आणखी आवळायचो. पुढचा पाऊस आला की भोकापाशी तडा ठरलेला.

पटत नसेल तर सराफी काट्यावर वजन करून बघा. दोन दशांश दाखवणारा खिशातला काटा पुरतो. शिसवीच्या पट्ट्यांची एक कोरी जोडी मी वर्षभर कपाटात ठेवली होती. जुलैच्या शेवटी १२.१ ग्रॅम भरली, मार्चमध्ये ११.५. अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी, आणि तेही घरात, नळापासून लांब. नाशिकची हवा कोरडी म्हणून आपण मुंबईकरांना चिडवतो, पण लाकडाला त्रास सतत दमट हवेचा कमी आणि दमट-कोरड्याच्या या हेलकाव्याचा जास्त.

आधी रोग ओळखा

प्रत्येक घासणाऱ्या वस्तऱ्याचा दोष हवेवर टाकू नका. वस्तरा मिटवा, उघड्या बाजूनं उजेडाकडे धरा आणि धार दोन्ही पट्ट्यांपासून सारख्या अंतरावर आहे का ते बघा. मग पट्टीच्या बाहेरच्या अंगाला स्टीलची पट्टी उभी लावा. मध्ये उजेड दिसला तर बाहेरून खोलगा आहे, म्हणजे पोट आत गेलंय. नव्या मुठीत उलटं दिसायला हवं, बाहेर किंचित फुगवटा. तो पाचरीमुळे येतो. पाचर पात्याच्या बाजूला जाड आणि शेपटाकडे, म्हणजे मुठीच्या पिनेविरुद्धच्या टोकाकडे पातळ असते, त्यामुळे पट्ट्या तिथून फाकत निघतात आणि पिनेपाशी पुन्हा जवळ येतात.

दुसरी परीक्षा डब्याची. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, वस्तरा त्यात आठ-दहा दिवस ठेवा. सिलिका नसेल तर तव्यावर भाजून थंड केलेले तांदूळ चालतात. घासणं आपोआप कमी झालं तर दोष ओलाव्याचा. काहीच फरक पडला नाही तर लाकडाला सोडा आणि पिनेकडे किंवा पात्याकडे वळा.

त्या दोघांत फरक करायला मला सगळ्यात आवडणारी युक्ती अशी. वस्तरा मिटवा, पातं कुठल्या पट्टीकडे झुकतंय ते पाहा. आता तो पूर्ण उघडा, सरळ रेषेत येईपर्यंत, आणि तसाच धरून पुन्हा पाहा. मिटल्यावर डावीकडे आणि उघडल्यावर उजवीकडे झुकत असेल तर पिनेचं भोक तिरकं आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकत असेल तर पातंच वाकडं आहे. जुन्या शेफील्डच्या पात्यांमध्ये असा किंचित बाक सर्रास सापडतो. तो सरळ करायच्या फंदात पडू नका. पाणी दिलेलं एवढं कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. अशा पात्यासाठी आतल्या, म्हणजे पातं आणि पट्टी यांच्यामधल्या वायसरची जाडी एका बाजूला कमी-जास्त करून तडजोड करायची.

पिन काढणं

डोकं न काढता पिन ठोकून बाहेर काढायला गेलात तर पट्टी फुटेल. आधी धारेवर दोन पदरी चिकटपट्टी. मग बारीक कानशीनं पिनेचं एक डोकं वायसरपर्यंत घासून काढायचं, वायसर नखानं उचलायचं आणि खालून आधार देऊन पिन हळूच ढकलायची. आधार म्हणजे भोक पाडलेला लाकडी ठोकळा. ढकलायला मी सायकलच्या मोडक्या स्पोकचा तुकडा टोकाला दीड मिलिमीटरपर्यंत घासून वापरतो. पाचरीकडची पिन शक्यतो काढू नका. पाचर हललेली नसेल तर तिला हात लावायचं काहीच कारण नाही.

पातं मोकळं झालं की गंज काढायचा मोह होतो. ६०० च्या पॉलिश पेपरनं, रॉकेलचा हात लावत, मग पुढे २००० पर्यंत जा, आणि हातानंच करा. बफिंगच्या चाकावर दोन धोके आहेत. पातळ धार क्षणात तापते, तिच्यावर निळी झाक आली की पात्याचं पाणी उतरलं समजा. मग कितीही निसण्यावर घासा, ती धार टिकत नाही. आणि चाकानं पातं हिसकावलं तर ते कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. मानेवरची कोरलेली अक्षरं वाचवा. मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर दिसले तर ती व्हिक्टोरिया राणीची, १८३७ ते १९०१ या काळातली खूण. ती घासून घालवलेला एक वस्तरा मी पाहिलाय, घालवणारा मीच होतो.

भोकाचा इलाज: पितळी बुश

टूलरूमचं शिक्षण शेवटी इथे कामाला आलं. दाब लाकडावर न पडता धातूवर पडला पाहिजे. पिनेचं भोक थोडं मोठं करायचं, त्यात १.६ मिलिमीटर पोट असलेली बारीक पितळी नळी इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदानं) बसवायची. ही नळी म्हणजेच बुश, प्रत्येक पट्टीच्या जाडीपेक्षा केसभर लांब ठेवायची. मग बाहेरचं वायसर, बुश, आतलं वायसर, पात्याची मान, पुन्हा आतलं वायसर, बुश, बाहेरचं वायसर अशी पितळ आणि पोलाद यांची सलग साखळी तयार होते. पिन कितीही आवळा, दाब त्या साखळीतून जातो आणि लाकूड आपलं आपलं फुगतं-आक्रसतं. सळई आणि वायसरचा पत्रा भांडी बाजारात तुकड्यांच्या भावात मिळतो. नळीसाठी मॉडेलचं सामान विकणारं दुकान शोधावं लागतं.

नळी मिळाली नाही तर दुसरा मार्ग. भोक २ मिलिमीटर करा, पातळ सुपरग्लू दोन-तीनदा पाजा, दोन दिवस वाळू द्या, मग इपॉक्सीनं भरून त्यातून पुन्हा १.६ चं भोक पाडा. बुशइतकं पक्कं नाही, पण कोऱ्या लाकडाहून पुष्कळ बरं. भोक पाडताना दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीनं एकमेकींना चिकटवून एकदमच पाडा. हातातल्या गिरमिटानं ते सरळ येत नाही, ड्रिल प्रेस लागतंच. तडा आधीच गेला असेल आणि तो भोकातून पट्टीच्या काठापर्यंत पोचला असेल तर इपॉक्सी भरून वेळ घालवू नका, नवी पट्टी करा. हे मी तीनदा करून पाहिलंय.

पट्ट्या आणि त्यांचं पॉलिश

नवी जोडी करताना दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून, पुस्तक उघडावं तशा समोरासमोर काढा. मग वाकल्या तरी दोघी आरशातल्यासारख्या वाकतात आणि पातं निदान मध्यावर राहतं. सगळ्या बाजू बंद करा. आत, बाहेर, कडा, टोकं, भोकाच्या आतही. आत जितके हात तितकेच बाहेर. एक हात कमी चालेल असं वाटतं, चालत नाही.

पॉलिश कुठलं यावर माझं मत ठाम आहे. जवसाचं तेल हाताला छान लागतं, रंग उघडतो, पण ओलावा अडवण्यात ते फार कमी पडतं. त्यातून त्या तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती पसरूनच वाळवा. लाखेचं पॉलिश दमट हवा बऱ्यापैकी अडवतं, पण पाणी साचलं की पांढरं पडतं आणि दाढीनंतर लावायच्या लोशनमधलं अल्कोहोल त्याला विरघळवतं. न्हाणीघरातल्या वस्तूसाठी ते नको. पातळ केलेलं इपॉक्सी किंवा सुपरग्लूचे पातळ थर, वर बारीक पेपर. दिसायला थोडं प्लॅस्टिकसारखं होतं, ही तक्रार मला मान्य आहे. पॉलिशनं ओलावा थांबत नाही, त्याची चाल मंदावते. पण पावसाळा चारच महिन्यांचा असतो, तेवढी मंदावली तरी भागतं.

लाकडांमध्ये वाड्याचं जुनं सागवान मला सर्वांत भरवशाचं वाटतं. तुळईच्या पोटातला तुकडा दशकानुदशकं मुरलेला असतो. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, करवतीची आणि रंध्याची धार लवकर जाते, एवढी एक कटकट. शिसव दिसायला देखणी, पण तिच्या भुशानं अनेकांना खाज आणि शिंका येतात, तोंडाला मास्क बांधा. खैर आणि बाभूळ टाळा. खैरातून कात निघतो आणि बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, ते दोन्ही ज्या तुरट द्रव्यामुळे, तेच ओल्या लोखंडाशी भेटलं की काळं पडतं. पात्याच्या मानेपाशी लाकडावर शाईसारखा डाग दिसला तर तो हाच. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं तो निघतो, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि पोरांपासून लांब ठेवा. पाणी पात्याला लागू देऊ नका.

ठोकायचं कधी आणि किती

पट्ट्या दर रविवारी काट्यावर ठेवा. तीन रविवार वजन हललं नाही की ठोकायला घ्या. भर पावसात नाही आणि वैशाखातही नाही. मी दसरा ते दिवाळी हा मोसम धरलाय, तेव्हा हवा दोन्ही टोकांच्या मध्ये असते. घाईचं गिऱ्हाईक असेल तर त्याला सरळ थांबायला सांगतो.

सळई वायसरच्या वर जेमतेम एक मिलिमीटर ठेवायची. जास्त ठेवली तर डोकं न पडता सळई वाकते. हलकी गोल तोंडाची हातोडी, खाली ऐरण नाहीतर जड लोखंडी ठोकळा, आणि डोक्याच्या कडेकडेनं हलके टिचके. चार-पाच टिचक्यांनंतर वस्तरा उलटा करून दुसरी बाजू. दर फेरीनंतर पातं काटकोनात उघडून धरा. ते स्वतःच्या वजनानं पडता कामा नये आणि अंगठ्यानं सहज सरकलं पाहिजे. हे साधलं की हातोडी खाली ठेवा. आणखी दोन टिचके मारायची खुमखुमी येते, ती तिथेच दाबा. बुश नसलेल्या मुठी याच दोन टिचक्यांनी फुटतात.

धार लावणं हा वेगळा विषय आहे. इथे एवढंच, की ते पिन ठोकून झाल्यावर करा, पाठीवर एक पदर चिकटपट्टी लावून, १००० पासून ८००० नंबरच्या निसण्यापर्यंत, मग चामड्याचा पट्टा.

नंतरची निगा

वस्तरा नळाखाली धरू नका. ओल्या कापडानं पातं पुसा, मग कोरड्यानं, मूठ पाण्यापासून लांब. पिनेपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही. खोबरेल वापरणारे बरेच भेटतात. नाशिकच्या थंडीत ते थिजतं, पातं उघडताना चिकटल्यासारखं होतं आणि मग पिन आवळली म्हणून माझ्याकडे येतात. चामड्याच्या पाकिटातही ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं. कपाटातला लाकडी डबा, आत सिलिका, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुड्या तापवून परत.

सेल्युलॉइडची जुनी मूठ असलेला वस्तरा त्याच डब्यात ठेवू नका. कापराचा वास येणारी, पारदर्शक किंवा कासवाच्या कवचासारखी दिसणारी मूठ बहुधा सेल्युलॉइडची. ते सडायला लागलं की आम्लधर्मी वायू सोडतं, आणि मिटलेलं पातं जिथे असतं बरोबर तिथे गंज धरतो. शेजारच्या चांगल्या वस्तऱ्यांनाही तो लागतो. लवकर पेट घेतं, म्हणून तापल्या यंत्राजवळ नेऊ नका.

बुश बसवायला लागल्यापासून माझ्याकडून सतरा मुठी गेल्या. दोन पावसाळे झाले, त्यातली एकही फाल्गुनात परत आलेली नाही. आषाढात दोन आल्या, दोन्ही किंचित घासत होत्या. एकीत मी शेपटाकडची कड पॉलिश करायला विसरलो होतो, ती करून दिली आणि थांबलं. दुसरीची पट्टी तिरक्या रेषांची होती. रंग सुंदर होता म्हणून मोह झाला होता. ती पावसाळ्यात पिळते आणि दिवाळीला सरळ होते. ज्या काकांचा तो वस्तरा आहे ते म्हणाले, "राहू दे, मी चातुर्मासात दाढी करतच नाही."